मोकळा कोण ते बघ

सहकार्यासाठी आमच्या शाळेत एकच कप असतो. त्यावर ‘उत्कृष्ट सहकारी’ असं कोरलेलं असतं, तो एकाच मुलाला मिळतो आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवायच्या असतात. ही कल्पना मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची. सहकार्य एकट्याने कसं करतात, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, प्रोत्साहन म्हणून काही असतं की नाही? असतं, म्हटलं, आणि गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नव्हे. पण त्या वर्षी माझं मैदान त्यांच्या मुठीत होतं.

मी खेळाची बाई. शाळेत खेळाच्या बाईला पायपुसण्याइतका मान असतो. सगळ्यांना लागते, तिच्याकडे बघत कुणी नाही. भूगोलाच्या बाईंचा घसा बसला की त्यांचा वर्ग माझ्याकडे पिटाळतात आणि गणिताच्या सरांचा धडा मागे पडला की माझा वर्ग वर ओढून नेतात. गणिताच्या सरांचा धडा कायमच मागे पडलेला असतो, कारण सर फळ्याशी बोलतात आणि फळ्याला गणित येतंच. त्यांनी मोठ्या बाईंच्या डोक्यात भरवलं की लहान वर्गांना खेळाचे तास हवेतच कशाला, मुलं घरी खेळतातच की. त्यात पालकांच्या गाड्यांची भर. शाळा सुटायच्या वेळी त्या रस्ताभर उभ्या असतात, एकमेकींना घासतात, आणि आतले सुशिक्षित लोक काचा खाली करून एकमेकांची अक्कल काढतात. यावर सरांनीच तोडगा सुचवला. गाड्या मैदानावर लावू द्या.

“पालकदिनाला दाखवा तुमच्या खेळातून मुलं काय शिकतात ते,” मोठ्या बाई मला म्हणाल्या. “दिसलं तर तास राहतील, मैदानही राहील. नाही दिसलं तर तुम्ही वाचनालयात बसा. पुस्तकांना कव्हरं घालायची पडलीच आहेत.”

काय शिकतात ते दाखवा, म्हणे. मला आधी दिसलं असतं तर मी दाखवलं नसतं? आमच्या मुलांना चेंडू दिला की ती काहीही शिकत नाहीत. ज्याच्या हाती लागतो तो छातीशी कवटाळून पळत सुटतो, उरलेली त्याच्या मागे धावतात, आणि चार शहाणी “पोटात दुखतंय” म्हणून भिंतीच्या सावलीत बसून घेतात. पळणारा बहुतेक वेळा एकच. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याला कुणी निवडलेलं नाही, त्याने स्वतःच तसं जाहीर केलंय. कॅप्टन एकटा पळतो, एकटा चेंडू टाकतो, आणि नेम चुकला की दुसऱ्यांवर ओरडतो. त्याची आई दातांची डॉक्टर. तुमचा मुलगा चेंडू कुणाला देत नाही असं मी तिला सांगितलं, तेव्हा तिने माझ्या वेड्यावाकड्या दातांकडे दयेने बघत सांगितलं की त्याच्यात नेतृत्वगुण आहेत, घरीसुद्धा तो रिमोट कुणाला देत नाही.

सावलीत बसणाऱ्यांत आमची बारकी पहिली. आमची म्हणजे माझीच मुलगी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून बारकी. आई खेळाची बाई, आणि ही चेंडू येताना दिसला की डोळे मिटून डोक्यावर हात घेणारी. शाळेत मी तुझी आई नाही, बाई आहे, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. ती ते इतकं मनावर घ्यायची की पोटात दुखण्याची थापसुद्धा मला “अहो बाई” म्हणून मारायची.

आणि घरी आमचे हे. ह्यांच्याबद्दल काय बोलावं. खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद पडला. बाकीचे लोक खटपट करून कुठे ना कुठे चिकटले, आणि हे घरी आले ते आलेच. अर्ज करायचे, भेटायला जायचे, परत यायचे, चहा टाकायचे. “काय करतात हल्ली मिस्टर?” असं कुणी विचारलं की माझं उत्तर एका शब्दाचं. मोकळे आहेत. हा शब्द बरा. त्यात खोटं काही नाही आणि ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

घरात तर उठल्यापासून तोच शब्द. गॅसवाल्याला दार कोण उघडेल? हे मोकळेच आहेत. इस्त्रीचे कपडे कोण आणेल? ह्यांना काय काम आहे? बारकी दिवसातून दहादा येऊन विचारायची, “आई, मोकळी आहेस का?” कधी चित्र दाखवायला, कधी नुसतंच काहीतरी सांगायला. माझं ठरलेलं होतं. मी नाही, तुझा बाबा मोकळा आहे, जा त्याच्याकडे. हे ते ऐकायचे आणि मान खाली घालून भाजी निवडत राहायचे. मला न भांडणाऱ्या माणसाचा संताप येतो. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीचा रंग तरी उडतो.

तर मैदान वाचवायचं होतं, आणि मला एकटीलाच वाचवायचं होतं, कारण ज्याची मदत मागावी असं एकही डोकं स्टाफरूममध्ये नव्हतं. सगळ्यात आधी मी शाळेचे चेंडू कपाटात कोंबले. ते इतके टणक की तोंडावर बसला तर मूल आठवडाभर मैदानाचं नाव काढणार नाही. मग एका चेंडूतली निम्मी हवा काढली, त्याला जुन्या उशीतला स्पंज गुंडाळला आणि वरून ह्यांची एक जुनी बनियन घट्ट शिवून टाकली. चेंडू दिसायला भिकार झाला, पण हातात अलगद यायचा, लागायचा नाही, आणि खाली पडला तर गडगडत रस्त्यावर जायचा नाही.

गोलही काढून टाकला. त्याऐवजी दोन्ही टोकांना एकेक स्टूल, स्टुलावर त्या त्या संघाचा एक मुलगा, आणि त्याच्या हातात वर्गातली कचऱ्याची टोपली. चेंडू त्या टोपलीत टाकायचा. टाकणाऱ्याचा नेम वाकडा गेला तर टोपलीवाल्याने टोपली पुढे करायची. म्हणजे चुकला तरी दोघांचा आणि बसला तरी दोघांचा. चेंडू हातात आला की पाय जमिनीला चिकटले, पळायचं नाही. बाकीच्यांनी मोठ्याने तीन मोजायचे, तोवर तो कुणाला तरी द्यायचाच. तीन झाले की आउट, चेंडू समोरच्या संघाकडे. पहिलीची मुलं आली की चेंडू एकदा जमिनीवर टप्पा घेतलेला चालायचा. मोठ्या वर्गाची आली की मी फक्कीची रेघ आत घेऊन चौकोन लहान करायचे, म्हणजे त्यांना धक्काबुक्की करून भागायचं नाही, डोकं वापरावं लागायचं. त्यांना ते फार जड गेलं.

शिवाय रेघेबाहेर चारही बाजूंना काठावरचे. हे कुणाच्याच संघातले नाहीत. आत कोंडी झाली की चेंडू काठावरच्याला द्यायचा, त्याने तो परत आत द्यायचा. जी मुलं आत यायला घाबरत त्यांना मी आधी काठावर उभं करायचे.

खेळ नवा झाला, पण मुलं जुनीच. चेंडू आला की ती आपल्या मित्रालाच टाकायची, मग त्या मित्राभोवती अख्खं गाव गोळा झालेलं असो. कॅप्टन तर तीन होईपर्यंत छातीशी धरून उभा राहायचा आणि आउट झाला की माझ्याकडे असा बघायचा, की जणू एक-दोन-तीन हे आकडे मीच शोधून काढलेत. शेवटी मी शिट्टी फुंकून सगळ्यांना खाली बसवलं.

“मित्र कोण ते बघायचं नाही,” मी म्हटलं. “मोकळा कोण ते बघायचं. ज्याच्या आजूबाजूला कुणी नाही, तो मोकळा. त्याला चेंडू द्यायचा. तो तुम्हाला आवडतो की नाही, हे कुणी विचारलेलं नाही.”

“बाई, मोकळे तर सावलीतले आहेत,” कॅप्टन म्हणाला, आणि सगळे खिदळले.

“मग त्यांना द्या,” म्हटलं, आणि सावलीतल्या चौघांना उठवून आत आणलं.

त्या दिवशी बारकीच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला. हातात कसला, पोटावर आला. तिने नेहमीसारखे डोळे मिटले, चेंडू येऊन मऊपणे पोटाला लागला आणि तिथेच राहिला, कारण भीतीने तिने त्याला मिठी मारली होती. मग तिने एक डोळा उघडला. चेंडू हुंगला. “ही माझ्या बाबाची बनियन आहे,” असं तिने सगळ्या वर्गाला आनंदाने सांगितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्यानंतर ती सावलीत गेली नाही. तिला कुणी धरायलाच जात नसे, कारण तिला कुणी हिशेबात धरत नव्हतं. त्यामुळे ती सदा मोकळी. जागा सापडली की जाऊन उभी राहायची, चेंडू घ्यायची, द्यायची. मला बरं वाटलं. मी ते तोंडावर दिसू दिलं नाही, बाई होते ना.

एकदा जेवताना तिने मला विचारलं, “आई, मोकळा असेल त्यालाच द्यायचं ना?”

“हो.”

“मग बाबा केव्हाचा मोकळा आहे. त्याला कुणीच का देत नाही?”

हे पाण्याचा तांब्या भरायला उठून गेले. तांब्या भरलेलाच होता. जेवताना बडबड करायची नाही, असं मी बारकीला दटावलं.

पालकदिन जवळ आला तसा मोठ्या बाईंनी तो कप जाहीर केला, आणि मी महत्प्रयासाने जे थोडंफार बसवलं होतं त्याचा चुथडा झाला. कप सहकार्याचा आहे म्हटल्यावर कॅप्टनने शेजारच्या बाकावरचा एक मुलगा धरला. दोघं मोठ्या बाईंच्या खिडकीखाली उभे राहून एकमेकांना चेंडू देत बसले. घे, दे. घे, दे. टोपलीकडे कुणी ढुंकून बघेना, मधल्या कुणाला कुणी विचारेना, सहकार्य मात्र दुथडी भरून वाहायला लागलं. मोठ्या बाई खिडकीतून मान डोलवायच्या. डॉक्टरीणबाईंनी तर मुलासाठी चेंडू कसा द्यावा याची खासगी शिकवणी लावली. देण्याची शिकवणी. ती घेणाऱ्या माणसाला ते शिकवताना हसू कसं आवरलं, देव जाणे.

घरी वेगळंच. संध्याकाळी मी जिना चढायला लागले की वरून धप्प, धप्प असा आवाज यायचा. हे आणि बारकी पॅसेजमध्ये चेंडू टाकत असायचे. ह्यांनी दुसरी बनियन काढून तसाच एक चेंडू शिवला होता, टाके माझ्यापेक्षा सरळ. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे, दोनदा वर येऊन भांडूनही गेले. मी ह्यांना म्हटलं, शोभतं का हे या वयात.

“ती आता डोळे मिटत नाही,” हे म्हणाले.

“तुम्हीही मिटू नका,” म्हटलं. “उघडे ठेवून जाहिराती बघा नोकरीच्या.”

बरं, म्हणाले. ह्यांचं ‘बरं’ म्हणजे उशीवर मारलेला गुद्दा.

पालकदिनाच्या सकाळी मी ह्यांना सगळं नीट समजावलं. शाळेत यायचं, पण फाटकापाशी उभं राहायचं. माझ्या आणि बारकीच्या पिशव्या सांभाळायच्या. कुणी विचारलं तर स्वतःचं काहीतरी सुरू करतोय म्हणायचं, आणि काय ते विचारलं तर हसायचं. बरं, म्हणाले.

मैदानाच्या एका कडेला मांडव घातला होता. मांडवात मोठ्या बाई, त्यांच्या पुढ्यात टेबलावर कप, आणि शेजारी गणिताचे सर. सर मैदानाकडे बघत बोटांनी काहीतरी मोजत होते. मला खात्री आहे, गाड्याच मोजत होते. ऐन वेळी मोठ्या बाईंनी फर्मान काढलं की पालकांचाही सहभाग दिसला पाहिजे. पालकांना काठावर उभं करा. मी म्हटलं, मुलांचीच मारामार आहे. त्या म्हणाल्या, सहभाग.

मग मी माइक घेतला आणि पालकांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. “तुमच्याकडे चेंडू आला तर मोकळा कोण ते बघा आणि त्याला द्या. धरून ठेवलात तर मुलं तीन मोजतील. बाकी डोकं चालवू नका.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी तंतोतंत पाळलं. पालक काठावर उभे राहिले ते एकूण एक हातात मोबाइल घेऊन. चेंडू आला की तो कुणाच्या कोपरावर आपटायचा, कुणाच्या पोटावर. एका गृहस्थांनी तर चेंडू चुकवण्यासाठी खाली वाकून दाखवलं आणि उठून आपलं शूटिंग नीट आलं का ते बघितलं. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने कसाबसा झेलला आणि थेट आपल्या लेकाकडे टाकला, त्याच्याभोवती तिघं असताना. तो चेंडू समोरच्यांनी नेला. मुलांनाही मग कशाचं भान राहिलं नाही. घे, दे सुरू झालं, ओरडाआरडा सुरू झाला, एक टोपलीवाला स्टुलावरून उतरून पाणी प्यायला गेला. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. सर त्यांच्या कानाशी लागले. माझं मैदान माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी शिट्टी फुंकत उभी होते, जणू फुंकली म्हणजे या लोकांना अक्कल येईल.

तेवढ्यात चेंडू बारकीकडे आला.

या वेळी तिला मोकळं सोडलं नव्हतं. एवढ्या दिवसांत मुलांना कळलं होतं की ही चेंडू सोडत नाही. तीन दांडगी पोरं तिच्याभोवती हात पसरून उभी राहिली. पोरांनी मोजायला सुरुवात केली. एक. बारकीने कॅप्टनकडे बघितलं, तो पलीकडे लांब. तिने काठावर बघितलं. मोबाइल, मोबाइल, मोबाइल. दोन. मग तिची नजर फाटकाकडे गेली. फाटक रेघेला लागूनच होतं, आणि तिथे आमचे हे उभे होते. पिशव्या त्यांनी खाली ठेवल्या होत्या. अख्ख्या काठावर तेवढेच दोन हात रिकामे होते.

“बाबा मोकळा आहे!” बारकी ओरडली.

सगळ्या मैदानाने ऐकलं. मांडवानेही ऐकलं. भूगोलाच्या बाईंनी वळून ह्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि माझे कान तापले. तो माझाच शब्द होता. मीच तो घरी-दारी वाटला होता, आणि माझी मुलगी तो आनंदाने ओरडत होती. वाट बघितलेला पाहुणा दिसला की लोक ‘आला, आला’ म्हणतात ना, तशी.

ह्यांनी चेंडू झेलला. दोन हातांनी, छातीशी न धरता, पॅसेजमध्ये धरायचे तसा. पोरांनी नव्याने मोजायला सुरुवात केली. एक. हे घाबरले नाहीत. त्यांनी शांतपणे डावीकडून उजवीकडे बघितलं. सांगितलेलं काम हा माणूस नीट करतो, हे मला मान्य करावं लागेल. दोन. आणि त्यांनी चेंडू टाकला तो माझ्याकडे.

मी मैदानाच्या मधोमध उभी होते, तोंडात शिट्टी. पंच होते मी. पंचाला कुणी चेंडू देतं का? पण आला म्हटल्यावर हात पुढे झाले आणि मी झेलला. मग मांडवाच्या बाजूने कुणीतरी कारटं म्हणालं, “एक!”

आणि सगळ्यांनी उचललं. नियम तो नियम, माझाच.

मी बघितलं. समोर कॅप्टन उभा होता, हात वर करून, एकदम मोकळा. त्याला? मेले तरी नाही. बारकीला दोघं चिकटलेले. तिच्या पलीकडची मुलगी मोकळी, पण ती हमखास पाडते. काठावर डॉक्टरीणबाई, तिला तर बोटं असून नसल्यासारखी. दोन, म्हणाली मुलं. फाटकापाशी हे अजून तसेच होते, हात पुढे करून. ह्यांना परत देऊ? भूगोलाच्या बाईंच्या देखत? मी चेंडू घेऊन त्या अख्ख्या मैदानावर, ज्याच्या हातात तो द्यावा असा माणूस शोधत होते, आणि मला एकही सापडत नव्हता.

“तीन! बाई आउट! बाई आउट!”

असा गलका मी त्या शाळेत कधी ऐकला नव्हता. मुलं नाचायला लागली. टोपलीवाला टोपली डोक्यावर घालून स्टुलावर उड्या मारायला लागला. पालकांनी मोबाइल खिशात घातले, कारण बाईंना पुन्हा आउट करायचं तर मोजायला मोकळं तोंड आणि हात हवेत, हे त्यांना तेवढ्यात कळलं. आणि मोठ्या बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, टेबलावर हात आपटून, आणि कप खाली पडला तो गणिताच्या सरांना वाकून उचलावा लागला. त्यानंतरचा खेळ चांगला झाला. खरं म्हणजे फारच चांगला झाला, आणि त्यात माझं काडीचं कर्तृत्व नव्हतं.

“बाईंनाही नियम लागू, ही कल्पना मला फार आवडली,” मोठ्या बाई नंतर मला म्हणाल्या. “मुद्दाम केलंत ना?”

“मुद्दामच,” म्हटलं.

तास राहिले. मैदान राहिलं. सर वर्गात निघून गेले, फळ्याकडे. कप कॅप्टनला मिळाला, कारण पूर्ण वेळ हात वर करून उभा असलेला तो एकटाच होता आणि मोठ्या बाईंना ते सहकार्य वाटलं. डॉक्टरीणबाईंनी कपाचा फोटो काढला, मग मुलाचा, मग कपाचा पुन्हा.

घरी जाताना बारकी पुढे उड्या मारत होती. हे दोन्ही पिशव्या घेऊन माझ्या बाजूने चालत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला तो होत नव्हता, आणि त्याचाच राग येत होता.

“मला का टाकलात?” मी विचारलं. “एवढी मुलं होती समोर.”

“तूच सांगितलंस ना. मोकळा कोण ते बघा, डोकं चालवू नका.”

“मी पंच होते.”

“असशील,” हे म्हणाले. “मी सगळ्यांकडे बघितलं. प्रत्येकाच्या जवळ कुणी ना कुणी होतं. तुझ्याच आजूबाजूला कुणी नव्हतं.”

टोमणा असता तर मी परतवला असता. चांगला सणसणीत परतवला असता. पण ह्यांना टोमणा मारता येत नाही, ते जे दिसतं ते सांगतात.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. पॅसेजमध्ये धप्प, धप्प सुरू झालं. मग ते थांबलं आणि बारकी स्वयंपाकघराच्या दारात आली. चेंडू काखेत.

“आई, मोकळी आहेस का?”

ठरलेलं उत्तर ओठांवर आलंच होतं. मोरीत भांड्यांचा ढीग होता, तोही खराच होता. मी नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि बाहेर आले. पॅसेज एवढा अरुंद की तिघं उभे राहिलो तर चौथ्याला जागा नाही. बारकीने चेंडू टाकला, मी झेलला.

“एक,” बारकी म्हणाली.

“घरात कसलं मोजतेस?”

“मोजायचं असतं. दोन.”

पलीकडे दाराशी हे उभे होते, घरच्या बनियनवर, हात पुढे करून. मी चेंडू त्यांच्याकडे टाकला.

“नीट धरा,” म्हटलं. “खालचे आजोबा बोंब मारतील.”